गाडी मिसिंग मारतेय की ऑक्सिजन सेन्सर गेलाय?

चेक इंजिनचा पिवळा दिवा लागला, स्कॅनर लावला तर दोन कोड आले, एक मिसफायरचा आणि दुसरा ऑक्सिजन सेन्सरच्या घरातला किंवा "मिक्श्चर लीन" (म्हणजे हवा जास्त, पेट्रोल कमी) असा, आणि गॅरेजवाला म्हणाला साहेब सेन्सर गेलाय, नवीन टाकू. हे इतक्या जणांबरोबर होतं की आता नवल वाटत नाही. सेन्सर बदलला जातो, चार दिवस दिवा गप्प बसतो (कोड पुसलेला असतो ना, म्हणून), आणि मग परत डोळे वटारतो. बऱ्याच वेळा सेन्सर खरंच बोलत होता, त्याच्या बोलण्याचा अर्थ चुकीचा लावला गेला एवढंच. त्यामुळे दोन्ही भानगडी एकदा शेजारी शेजारी ठेवून बघू.

मिसफायर, ज्याला आपण "गाडी मिसिंग मारते" म्हणतो, तो सिलिंडरच्या आतला प्रकार आहे. हवा-पेट्रोल आत आलं पण पेटलंच नाही किंवा अर्धवट पेटलं. ठिणगी नाही, पेट्रोल नाही किंवा कॉम्प्रेशन नाही, फिरून फिरून या तिघांपैकीच कोणीतरी. आता ईसीयूला, म्हणजे इंजिनच्या कंप्युटरला, हे कळतं कसं, तर क्रँकशाफ्टजवळचा सेन्सर शाफ्टचा वेग सतत मोजत असतो, प्रत्येक स्फोटाला शाफ्ट किंचित पुढे ढकलला जातो, आणि ज्या सिलिंडरच्या पाळीला तो धक्का मिळालाच नाही त्याचा नंबर ईसीयू नोंदवून ठेवतो. पी०३०१ म्हणजे पहिला सिलिंडर, पी०३०२ म्हणजे दुसरा, आणि पी०३०० म्हणजे कुठला एक असा ठरत नाहीये. हा कोड सहसा खोटं बोलत नाही. अगदी खडबडीत रस्त्यावर चाकांचे हिसके शाफ्टपर्यंत पोचून तो फसू शकतो, आणि आपल्याकडचे पावसाळ्यातले रस्ते बघता हे लक्षात ठेवलेलं बरं.

ऑक्सिजन सेन्सर सायलेन्सरच्या पाइपात बसतो. बॉशने बनवलेला हा सेन्सर १९७६ मध्ये व्होल्वोच्या गाड्यांत पहिल्यांदा आला आणि साध्या प्रकाराचं तत्त्व आजही तेच आहे, झिरकोनियाची एक टोपी, जी साधारण ३०० अंशांच्या पुढे तापली की बाहेरच्या हवेतला आणि धुरातला ऑक्सिजन यांच्यातल्या फरकावर व्होल्टेज तयार करते. धुरात ऑक्सिजन जास्त उरला तर ०.१ व्होल्टच्या आसपास, म्हणजे लीन. ऑक्सिजन जवळजवळ संपला तर ०.९ च्या आसपास, म्हणजे रिच, पेट्रोल जास्त. ईसीयू त्याच्याकडे बघून पेट्रोल कमी-जास्त करत राहतो, शुद्ध पेट्रोलला हवेचं प्रमाण १४.७ ला १ धरून.

गोची इथेच आहे. हा सेन्सर फक्त उरलेला ऑक्सिजन बघतो, पेट्रोल त्याला दिसतच नाही. पंगत उठल्यावर पत्रावळींवर किती भात उरलाय एवढंच बघणारा माणूस धरा. एक पाहुणा जेवलाच नाही, तसाच उठून गेला, त्याच्या पत्रावळीवर भातही तसाच आणि आमटीही तशीच, पण हा फक्त भात बघतो आणि आचाऱ्याला सांगतो की भात उरला म्हणजे आमटी कमी पडली, वाढवा आमटी. मिसफायरमध्ये डिट्टो हेच होतं. न पेटलेल्या सिलिंडरमधली हवा अख्खीच्या अख्खी पाइपात येते, सेन्सर ओरडतो "लीन, लीन", ईसीयू सगळ्याच सिलिंडरना जादा पेट्रोल देतो, ऍव्हरेज पडतं, पेट्रोलचा वास येतो आणि स्कॅनरवर पी०१७१ उमटतो. मग लोक म्हणतात बघा, सेन्सरचाच प्रॉब्लेम.

उलटी बाजूही आहे, नाही असं नाही. सेन्सर म्हातारा होऊन कायम लीनच दाखवायला लागला तर ईसीयू विनाकारण पेट्रोल ओतत बसतो, प्लगवर काजळी धरते आणि महिन्या-दोन महिन्यांनी त्या काजळीपायी मिसफायर सुरू होतो. म्हणजे मूळ दुखणं सेन्सरचं आणि कोड मात्र मिसफायरचा. त्यामुळे "मिसफायर दिसला की सेन्सर निर्दोष" असा नियमही करता येत नाही.

अंगाला काय जाणवतं तिथून सुरुवात करा. मिसफायर पार्श्वभागाला कळतो. सिग्नलला उभं असताना स्टिअरिंग थरथरतं, ऑल्टो के-१० सारखं तीन सिलिंडरचं इंजिन असेल तर जास्तच, कारण तिघांतला एक सुट्टीवर गेला की राहिलं काय. घाटात तिसऱ्या गियरवर दाबलं की गाडी ठसके देते, आणि कॉइल (प्लगला ठिणगीची वीज पुरवणारी) किंवा प्लग कमजोर असेल तर हे हमखास, कारण लोडवर सिलिंडरमधलं प्रेशर वाढतं आणि त्या प्रेशरमध्ये ठिणगी उडवायला जास्त व्होल्टेज लागतं. सपाट रस्त्यावर तीच गाडी शहाण्यासारखी चालते. सेन्सरचा बिघाड मात्र बहुतेक वेळा जाणवतच नाही. दिवा लागलेला, ऍव्हरेज हळूहळू उतरलेलं, बाकी गाडी मऊ. थरथर नाही, ठसका नाही आणि फक्त दिवा आहे, तर सेन्सरकडे संशय जाऊ द्यायला हरकत नाही.

सेन्सरचेही कोड सारखे नसतात, आणि हा फरक भल्याभल्यांना माहीत नसतो. पी०१३५ किंवा पी०१४१ म्हणजे सेन्सरच्या आतल्या हीटरचं सर्किट, हे निव्वळ विजेचं काम आहे, मिसफायरशी याचा संबंध नाही, हीटर जळलाय, फ्यूज उडालाय किंवा वायर तुटलीय. (वायर म्हटलं की उंदीर. रात्रभर झाडाखाली किंवा सोसायटीच्या बेसमेंटला गाडी उभी असेल तर सेन्सरचा खर्च करायच्या आधी त्याची वायर टोकापासून टोकापर्यंत बोटांनी चाचपून बघा.) पी०१३३ म्हणजे सेन्सर सुस्त झालाय. पण पी०१७१, पी०१७२ हे मिश्रणाचे कोड आहेत, सेन्सरचे नाहीत, सेन्सरने फक्त बातमी दिलीय. आणि पी०४२० हा कॅटॅलिटिक कन्व्हर्टरबद्दलचा (पाइपातला धूर साफ करणारा डबा, त्याच्या आधीचा ऑक्सिजन सेन्सर तो पुढचा, नंतरचा तो मागचा), हा कोड बघून मागचा सेन्सर बदलणं म्हणजे निव्वळ अंदाजपंचे.

आता प्लग बाहेर काढा, सगळेच, आणि कुठला कुठून काढला तो क्रम न मोडता एका फडक्यावर मांडून ठेवा. एकच प्लग ओला, पेट्रोलचा वास मारतोय आणि बाकीचे बरे किंवा थोडे काळपट, तर दुखणं त्या एका सिलिंडरचं आहे आणि त्याला बहुधा ठिणगीच मिळत नाहीये. सगळेच्या सगळे कोरड्या काजळीने सारखे काळे, आणि तरी स्कॅनरवर ईसीयू "मिश्रण लीन आहे, मी पेट्रोल वाढवतोय" म्हणतोय, तर मग साक्ष खोटी आहे. एक तर सेन्सर बिघडलाय, नाही तर सेन्सरच्या आधी एक्झॉस्टला बारीक लीक आहे आणि तिथून बाहेरची हवा आत ओढली जातेय. त्या लीकचा आवाज थंड इंजिन सुरू केल्या केल्या टिक-टिक असा येतो, गरम झालं की धातू फुगून बंदही होतो, म्हणून सकाळीच ऐकायचा. आणि प्लग नीट तांबूस-करडे, पेट्रोल मात्र वाढवलं जातंय, तर इनटेकला, म्हणजे इंजिनात हवा जाते त्या वाटेवर, कुठेतरी व्हॅक्यूम लीक शोधा.

एकच प्लग ओला निघाला तर पुढचं काम फुकटातलं आहे. हल्लीच्या बहुतेक पेट्रोल गाड्यांत प्रत्येक प्लगच्या डोक्यावर वेगळी कॉइल असते, बहुतेक ठिकाणी दहा नंबरच्या एका बोल्टने धरलेली. इंजिन बंद करून दुसऱ्या सिलिंडरची कॉइल तिसऱ्यावर आणि तिसऱ्याची दुसऱ्यावर टाका, कोड पुसा, गाडी चालवा. पी०३०२ चा पी०३०३ झाला तर कॉइल गेलीय, विषय संपला. कोड तिथेच राहिला तर तसाच प्लग बदलून बघा, मग इंजेक्टर, आणि तरीही हलला नाही तर कॉम्प्रेशन. कॉइल काढताना तिचं रबरी बूटही उजेडात धरून बघा, आतून पांढरट किंवा काळी केसासारखी रेघ दिसली तर वीज तिथूनच इंजिनच्या अंगात पळतेय. प्लगच्या विहिरीत तेल साठलेलं असेल तर वरचं टॅपेट कव्हरचं गॅस्केट, पाणी असेल तर पावसाळा किंवा सर्व्हिस सेंटरला प्रेशरने धुतलेलं इंजिन.

स्कॅनर म्हणजे काही मोठं प्रकरण नाही, ब्लूटूथचं छोटं यंत्र आणि मोबाइलवरचं ऍप पुरतं. लाइव्ह डेटात पुढच्या सेन्सरचं व्होल्टेज लावा. गरम इंजिनवर ते ०.१ ते ०.९ मध्ये सारखं वरखाली नाचलं पाहिजे. ऍक्सिलरेटर एकदम दाबला की ०.८ च्या वर, सोडला की तळाला. नाचतंय म्हणजे सेन्सर जिवंत आहे, मग त्याने कितीही "लीन" म्हटलं तरी त्याला दोष देऊ नका. कन्व्हर्टरच्या मागचा सेन्सर मात्र शांत, ०.६-०.७ ला स्थिर असायला हवा. काही नवीन गाड्यांत पुढचा सेन्सर वाइडबँड (मिश्रणाचं नेमकं प्रमाण मोजणारा) असतो, तो असा नाचत नाही, त्याला या फुटपट्टीने मोजू नका. सेन्सर खोटं बोलतोय अशी शंका असेल तर त्याचा कनेक्टर काढून गाडी चालवून बघा, कोड येईल, येऊ द्या, ईसीयू ठरलेल्या आकड्यांवर चालेल. गाडी सुधारली तर सेन्सर किंवा त्याची वायर. मिसिंग तसंच राहिलं तर सेन्सर निर्दोष सुटला.

आपल्याकडची एक सोय कोणी वापरतच नाही, पीयूसीची चिठ्ठी. नुसता शिक्का बघून ती डॅशबोर्डच्या कप्प्यात जाते, पण तिच्यावर सीओ आणि एचसी असे दोन आकडे असतात. एचसी म्हणजे न जळलेलं पेट्रोल, सीओ म्हणजे ऑक्सिजन कमी पडून अर्धवट जळलेलं. बीएस-४ पेट्रोल गाडीला आयडलवर मर्यादा आहे सीओ ०.३ टक्के आणि एचसी २०० पीपीएम. एचसी उसळलाय पण सीओ जागेवर, तर मिसफायर. सीओ चढलाय तर मिश्रण रिच, सेन्सरकडे वळा. लांबलेल्या मिसफायरमध्ये दोन्ही चढतात ते वेगळं, कारण तोवर ईसीयूने आमटी वाढवलेली असते. अर्थात चाचणी खरीखुरी झाली असेल तर, नळी टेलपाइपात न घालताच चिठ्ठी मिळाली असेल तर ती विसरा.

सीएनजीवाल्यांसाठी थोडं वेगळं. गॅसला ठिणगी पेट्रोलपेक्षा जोरदार लागते, त्यामुळे थकलेला प्लग किंवा कॉइल आधी सीएनजीवर चुगली करते. पेट्रोलवर मऊ आणि गॅसवर ठसके, तर प्लग आणि गॅसचा फिल्टर आधी, सेन्सर शेवटी. किट बाहेरून बसवलेलं असेल तर सेन्सरच्या वायरीला कुठे टेप मारून जोड दिलाय तेही बघा. आणि ई-२० (२० टक्के इथेनॉलचं पेट्रोल) मुळे ट्रिम, म्हणजे ईसीयूने पेट्रोल किती वाढवलं-घटवलं तो स्कॅनरवरचा आकडा, थोडं प्लसकडे सरकलेलं दिसेल, इथेनॉलमध्येच ऑक्सिजन असतो, तो बिघाड नाही.

एका गोष्टीत घाई करा. दिवा नुसता लागलेला नसून लुकलुकत असेल तर मिसफायर इतका आहे की कच्चं पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतंय, आतली जाळी वितळू शकते. कॉइल किंवा सेन्सरपेक्षा कन्व्हर्टर कितीतरी महाग, म्हणून ऍक्सिलरेटर सोडा आणि गाडी बाजूला घ्या.

सेन्सर बदलायचाच ठरला तर तो पाइप थोडा कोमट असताना सुटतो, २२ नंबरचा पाना लागतो, नवीनच्या टोकाला बोट, ग्रीस, कार्ब क्लीनर काही लावू नका. गॅस्केटला साधं सिलिकॉन फासलं असेल तर त्याच्या वाफा नव्या सेन्सरचाही जीव घेतात.

आणि कोणी बॅटरीची वायर काढून दिवा घालवतो म्हणाला तर आधी फ्रीझ फ्रेमचा फोटो काढून ठेवा. कोड लागला त्या क्षणाचं आरपीएम, लोड, इंजिनचं तापमान सगळं त्यात असतं, आणि तिथे २८०० आरपीएम, लोड ८५ टक्के असं दिसलं तर सेन्सरचं खोकं उघडायच्या आधी मी तरी कॉइलकडेच जाईन.