न सांगता गेलेल्या सॉफ्टवेअरचा पंचनामा

ऐन लग्नसराईत एका ओळखीच्या डीटीपीवाल्या काकांकडे पत्रिकेचं शेवटचं प्रूफ बघायला गेलो होतो. काकांनी फाँटची यादी उघडली, माउसचं चाक फिरवलं आणि डिझाइनचं सॉफ्टवेअर स्क्रीनवरून गायब! ना एरर, ना 'सेव्ह करू का?'

"दिवसातनं चारदा जातं हे असं," म्हणत काकांनी निमूटपणे 'आमचे येथे श्रीकृपेकरून' पुन्हा टाइप करायला घेतलं.

सेव्हचं न विचारण्यामागे कारण आहे. ऑपरेटिंग सिस्टिम प्रत्येक प्रोग्रामला मेमरीचे स्वतःचे वेगळे पत्ते देते. कुठला पत्ता खऱ्या रॅममध्ये कुठे, याचा तक्ता असतो आणि प्रोसेसर त्या तक्त्याप्रमाणेच चालतो. तक्त्यात नसलेल्या पत्त्यावर प्रोग्रामने हात घातला, की प्रोसेसर तिथेच थांबतो आणि प्रकरण सिस्टिमकडे सोपवतो. प्रोग्रामने स्वतः काही तोडगा लिहून ठेवला नसेल, तर सिस्टिम त्याचा गाशा गुंडाळते. विंडोजमध्ये सुरुवातीचे ६४ केबी पत्ते मुद्दाम कुणालाच देत नाहीत. पत्ता भरायचा राहून शून्यच उरणं ही प्रोग्रामरांची नेहमीची चूक, ती त्यामुळे लगेच सापडते. एकदा असं झालं, की प्रोग्रामच्या मेमरीतलं काय शाबूत आणि काय बिघडलेलं याचा भरवसा उरत नाही. तेच सेव्ह केलं तर आधीची चांगली फाइलही हातची जायची.

पंचनामा मात्र मागे राहतो. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये अ‍ॅप्लिकेशनच्या नोंदी असतात, त्यात १००० क्रमांकाची लाल नोंद शोधायची. सी००००००५ हा कोड म्हणजे वर सांगितलेली घुसखोरी. सोबत 'फॉल्टिंग मॉड्यूल' म्हणून एका फाइलचं नाव असतं आणि लोक फसतात ते इथे. प्रोग्राम पडला तेव्हा कुठल्या फाइलमधला कोड चालू होता, एवढंच ते नाव सांगतं. कोड सी००००३७४ आणि मॉड्यूल एनटीडीएलएल, ही जोडी घ्या. एनटीडीएलएल हा विंडोजचाच भाग. मेमरीची नासधूस दुसऱ्याच कुणीतरी आधी केलेली असते. हा हिशेब जुळवायला येतो आणि बोंब मारतो. त्या बोंबेवरून अख्खं विंडोज फॉरमॅट करणारे महाभाग मी पाहिलेत.

२०२४ मध्ये तर असा चकवा जगभर बसला. इंटेलच्या १३व्या-१४व्या पिढीच्या काही प्रोसेसरांवर गेम्स बंद पडत आणि संदेश येई 'व्हिडिओ मेमरी अपुरी'. लोक ग्राफिक्स कार्डाला शिव्या घालत राहिले. प्रत्यक्षात प्रोसेसरच गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागत होता आणि त्यानेच झिजत होता. इंटेलने ऑगस्टमध्ये त्यासाठी नवा मायक्रोकोड, म्हणजे प्रोसेसरच्या आतल्या सूचनांची सुधारित आवृत्ती, दिला.

एरवी ग्राफिक्स ड्रायव्हरवरचा, म्हणजे ग्राफिक्स कार्ड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरवरचा, संशय रास्तच असतो. ड्रायव्हरचा एक भाग प्रोग्रामच्याच मेमरीत बसून काम करतो, त्यामुळे तो चुकला की प्रोग्रामही जातो. प्रोग्रामच्या सेटिंगमधून जीपीयूचा (ग्राफिक्सच्या चिपचा) वापर बंद करून पाहणं हे दोन मिनिटांचं काम.

काकांकडे तेही करून झालं, फरक शून्य. पण सॉफ्टवेअर दर वेळी फाँटची यादी खाली सरकवतानाच जात होतं. फाँटची फाइल म्हणजे बरीचशी तक्त्यांची चळत: अमुक अक्षराची आकृती सुरुवातीपासून इतक्या बाइट्सवर. तो आकडा चुकीचा असेल आणि प्रोग्रामने न तपासता मानला, तर तो सरळ परक्या पत्त्यावर जाऊन धडकणार.

काकांकडे फाँट होते नऊशेच्या वर. एकेक तपासत बसलो असतो तर मुहूर्त टळला असता. म्हणून निम्मे काढले, यादी सरकवली, गेलं. म्हणजे दोषी उरलेल्यांत. त्यातले पुन्हा निम्मे. हजारापर्यंतच्या ढिगाला अशा दहा फेऱ्या पुरतात, कारण दोनचा दहावा घात १०२४.

दहाव्या फेरीत सापडला तो गणपतीच्या चित्रांचा फाँट. काका काही तो काढू देईनात. त्याच्याशिवाय पत्रिका कशी करायची? मग कपाटातून मूळ सीडी निघाली. तिच्यावरची फाइल ८४ केबी, कॉम्प्युटरवरची ६४. कधीतरी कॉपी होताना पेनड्राइव्ह मध्येच ओढून काढला असणार. तक्ता ८४ केबींचा हिशेब सांगत होता आणि शेवटचे गणपती फाइलमध्ये नव्हतेच.