आजीच्या डायऱ्या : वाचायच्या कशा, टिकवायच्या कशा

आजीच्या डायऱ्या घरात सापडल्या की त्या लगेच वाचाव्याशा वाटतात. जरूर वाचा, पण मूळ वही रोज हाताळू नका. स्कॅन करून प्रत छापून घ्या. उशाशी प्रत, कपाटात वही.

मुंबईत खरा शत्रू बुरशी. हवेतली आर्द्रता बरेच दिवस ६५ टक्क्यांवर राहिली की कागदाला बुरशी धरते, आणि पावसाळ्यात ती त्याहून खूप वर असते. सादळलेली वही उन्हात टाकू नका, शाई उडते. सावलीत, पंख्याखाली उभी करून पानं सैल सोडा. पूर्ण सुकल्यावरच मास्क लावून मऊ ब्रशने बुरशी झाडा. ओली असताना पुसली तर ती कागदात मुरते. कसर लागली असेल तर वही झिपच्या पिशवीत हवाबंद करून दोन आठवडे फ्रीजरमध्ये ठेवा. बाहेर काढल्यावर २४ तास पिशवी उघडायची नाही, नाहीतर पानांवर दव धरतं. फ्रीजर जिवंत कसर मारतो, बुरशी मात्र फक्त थोपवतो.

फाटलेल्या पानाला सेलोटेप लावू नका. काही वर्षांत ती पिवळी पडते आणि डिंक पानात उतरतो. आम्ही जुन्या वह्या दुरुस्त आणि स्कॅन करून देतो, पण लॅमिनेशन करतच नाही, ते पुन्हा निघत नाही. आम्ही पातळ जपानी कागद आणि गव्हाच्या स्टार्चची खळ वापरतो. ती पाण्याने सुटते. स्कॅन ३०० डीपीआयवर, पुसट पेन्सिलीला ६००. वही सपाट दाबली की शिवण तुटते, म्हणून ती अर्धवट उघडी ठेवून वरून फोटो घेतो.

वाचताना हिशेबाची पानं ओलांडू नका. ‘दूध दीड शेर, पापडाचे उडीद, धाकटीला ताप’ अशा ओळींतच आजीचा आवाज सर्वांत स्वच्छ ऐकू येतो. ‘२-६-३’ म्हणजे दोन रुपये, सहा आणे, तीन पै. आण्याला बारा पै, रुपयाला सोळा आणे. नवे पैसे १ एप्रिल १९५७ पासून आले. तारखेत शके असेल तर इसवी सनासाठी ७८ मिळवा, जानेवारीपासून चैत्र लागेपर्यंतच्या नोंदींना ७९. मधेच मोडी आली तर जाणकाराला दाखवा, अंदाजाने वाचू नका.

दुःख ताजं असेल तर शेवटची, आजारपणाची वही आधी उघडू नका. जुन्या वहीतली आजच्याच तारखेची नोंद काढा आणि रोज तेवढीच वाचा. एका बैठकीत सगळं संपवणाऱ्यांच्या हाती बहुधा थकवाच लागतो.

आमच्याकडे आणताना रबरबँड आणि गंजलेल्या टाचण्या काढा. वाळलेली फुलं, बसची तिकिटं, सुट्या चिठ्ठ्या वेगळ्या पाकिटांत घाला आणि पाकिटावर पानाची तारीख पेन्सिलीने लिहा. कोरी पानं फाडू नका, त्यांच्या पाठीवर कधी कधी पत्ते निघतात.