तीन गोळ्या आणि घशातले जंतू

नाशकातल्या गंगापूर रोड, कॉलेज रोडच्या हॉस्टेलांत थंडी सुरू झाली की घसे धरतात, आणि सीनियरचा सल्ला ठरलेला असतो: "अ‍ॅझी पाचशे घे, तीन दिवस." अ‍ॅझी म्हणजे अ‍ॅझिथ्रोमायसिन, एक अँटिबायोटिक. परीक्षा तोंडावर असते, डॉक्टरांची फी वाचते आणि मेडिकलवाला बऱ्याचदा चिठ्ठी मागत नाही. वर एक समजूत असतेच, की सारखी औषधं घेतली तर शरीराला त्यांची सवय होते. आपण कधीमधी घेतो, आपलं काय बिघडतंय?

पण प्रतिरोध, म्हणजे औषधाला दाद न देण्याचा गुण, शरीरात येतच नाही. तो जिवाणूंत येतो, अगदी आजाराशी काही देणंघेणं नसलेल्या जिवाणूंतही. (बहुतेक घसेदुखी विषाणूंमुळे होते, तिथे अ‍ॅझिथ्रोमायसिनला कामच नसतं.)

बेल्जियममधल्या एका प्रयोगात २२४ धडधाकट स्वयंसेवकांपैकी काहींना तीन दिवस अ‍ॅझिथ्रोमायसिन, काहींना सात दिवस त्याच कुळातलं क्लॅरिथ्रोमायसिन आणि बाकीच्यांना नुसती खोटी गोळी दिली. २००७ साली निष्कर्ष छापून आले. दोन्ही औषधांनंतर घशातल्या निरुपद्रवी स्ट्रेप्टोकॉकस जिवाणूंमध्ये प्रतिरोधकांचं प्रमाण एकदम चढलं, आणि १८० दिवसांनंतरही ते खोटी गोळी घेणाऱ्यांपेक्षा जास्तच होतं. एकही जण आजारी नव्हता, हे लक्षात घ्या.

हे घडतं कसं, ते मला फार आवडतं. जिवाणूच्या रायबोसोममध्ये प्रथिनं तयार होतात आणि एका अरुंद बोगद्यातून बाहेर पडतात. अ‍ॅझिथ्रोमायसिन त्या बोगद्यात बसून वाट अडवतं. बसायला त्याला रायबोसोमच्याच एका घटकातल्या, २३एस आरएनएमधल्या, एका अ‍ॅडेनिनचा (आरएनएच्या चार रासायनिक अक्षरांपैकी एक) आधार लागतो, ई. कोलाय या जिवाणूच्या मोजणीने त्याचा क्रमांक २०५८. 'ईआरएम' जातीचं जनुक असलेला जिवाणू नेमक्या त्याच अ‍ॅडेनिनवर मिथिल गट डकवतो. एक कार्बन, तीन हायड्रोजन, बस्स! कुलपाच्या भोकात मेण भरावं तसं. क्लिंडामायसिन हे अँटिबायोटिक वेगळ्याच कुळातलं, पण तेही याच जागी बसतं, म्हणून न घेताच निकामी ठरतं. बेल्जियममध्ये क्लॅरिथ्रोमायसिन घेणाऱ्यांत या जनुकाचा एक प्रकार, 'ईआरएम-बी', वाढलेला दिसला. दुसऱ्या काही जिवाणूंकडे औषध बाहेर उपसणारा पंप असतो. ही जनुकं उड्या मारणाऱ्या डीएनएवर असू शकतात. त्यामुळे निरुपद्रवी स्ट्रेप्टोकॉकसकडून ती न्यूमोनियाच्या न्यूमोकॉकसकडे पोचू शकतात.

त्यात अ‍ॅझिथ्रोमायसिनचा अर्धायुकाल, म्हणजे शरीरातलं औषध निम्मं व्हायला लागणारा वेळ, सुमारे ६८ तास. गोळ्या संपल्या तरी औषध कितीतरी दिवस ऊतींत रेंगाळतं, कमी कमी होत जातं. त्या उतरत्या मात्रेत साधे जिवाणू दबतात, प्रतिरोधकांना रान मोकळं मिळतं.

"त्यापेक्षा नैसर्गिक अँटिबायोटिक घ्या" असं सांगत काढे विकणारेही आहेत. अ‍ॅझिथ्रोमायसिन ज्यापासून बनवलं ते एरिथ्रोमायसिन मातीतल्या जिवाणूकडूनच मिळालं. आता यापेक्षा नैसर्गिक काय हवं? आणि हे फक्त अडाण्यांचं दुखणं म्हणावं तर तसंही नाही. राज्यभरातली वैद्यकीय महाविद्यालयं ज्याला जोडली आहेत ते आरोग्य विज्ञान विद्यापीठ नाशकातच आहे, पण मनाने गोळ्या घेण्यात वैद्यकीय विद्यार्थीही मागे नसतात, हे देशोदेशीच्या पाहण्यांत दिसलंय. औषधाचं नाव आणि डोस पाठ असला की हात उलट लवकर पुढे जातो.

२०१४ पासून औषधांच्या सरकारी नियमांतल्या 'एच-१' यादीतलं औषध विकताना दुकानदाराला रुग्णाचं आणि डॉक्टरांचं नाव वेगळ्या वहीत लिहून ती तीन वर्षं जपावी लागते. सेफिक्सिम हे अँटिबायोटिक त्या यादीत आहे. अ‍ॅझिथ्रोमायसिन नुसत्या 'एच' यादीत: चिठ्ठी हवी, पण या वहीत नोंद नाही.