घरमालकाशी खटका उडणं वेगळं, मामला कायद्याचा होणं वेगळं

मोठ्याने भांडण झालं की लोक लगेच वकील शोधायला लागतात, आणि खरंच हक्कावर गदा येते तेव्हा मात्र "जाऊ दे, कशाला वाकडं घ्यायचं" म्हणून गप्प बसतात, हे बघून फार जीव तुटतो. आवाज किती चढला यावर काही ठरत नाही हो.

मालक पाहुण्यांवरून बोलतो, पार्किंगवरून रोज कटकट, गळका नळ "बघतो बघतो" करत महिना काढतो. त्रास आहेच, पण हे बहुतेक वेळा बसून बोलून सुटतं. फक्त जे ठरलं ते व्हॉट्सॲपवर टाकून ठेवा, पुढे तेच कामी येतं.

आता दुसरं. मालक अगदी गोड बोलतो पण तुम्ही गावाला गेल्यावर कुलूप बदलतो. हा मामला कायद्याचा. पाणी-लाइट तोडलं तरी तेच: 1999 च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यात कलम 29 आहे, योग्य कारणाशिवाय भाडेकरूचं पाणी-लाइट तोडता येत नाही. अकरा महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्सवाल्यांचं (म्हणजे ठरावीक मुदतीपुरती राहायची परवानगी) थोडं वेगळं, पण मुदत संपली तरी मालकाने ताबा मिळवायचा रस्ता कलम 24 खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे (अशा प्रकरणांसाठी सरकारने नेमलेला अधिकारी) अर्ज करायचा आहे, सामान बाहेर फेकायचा नाही. आणि हे आपल्यालाही लागू बरं का, मुदतीनंतर तसंच राहिलात तर दुप्पट भाड्याने भरपाई द्यावी लागू शकते, तेव्हा "अजून एक महिना" असेल तर ते लेखीच घ्या.

डिपॉझिटमध्ये सगळे गोंधळतात, मीसुद्धा गोंधळले होते. रंगाचे दोन हजार कापायचे की तीन, ही घासाघीस झाली. अख्खं डिपॉझिट अडकवलं, बिल दाखवत नाही, फोन उचलत नाही, तर ती पैशाची वसुली झाली. मी पाच महिने नुसते फोन करत बसले, लेखी मागणी केलीच नाही, ते चुकलं. दावा करायला साधारण 3 वर्षांची मुदत असते.

ॲग्रीमेंट रजिस्टर करायची जबाबदारी त्याच कायद्याच्या कलम 55 प्रमाणे मालकाची आहे. ते नसेल तर अटींबद्दल भाडेकरू जे सांगतो तेच धरतात, उलट सिद्ध होईपर्यंत.

वकिलाची नोटीस आली म्हणजे केस उभी राहिली असं नाही, पण मुदतीत उत्तर द्याच. कोर्टाचं समन्स आलं तर मात्र त्या तारखेला हजर राहावंच लागतं.