समुद्राची गाज चालते, मग पिशवीची चुरचुर का नाही?

माघी गणेशोत्सवात देवगडकडच्या एका देवळात रात्रीची मैफल होती. सभामंडपात सतरंज्या, तानपुऱ्यांची जोडी सुरेख जुळलेली, बागेश्री रागातला विलंबित, म्हणजे संथ लयीतला ख्याल. देऊळ किनाऱ्याला इतकं लागून की गाज अखंड ऐकू येत होती, भोवती रातकिडे होतेच. त्यांचा मला कणभर त्रास झाला नाही. पण गायिका मध्यमावर, म्हणजे ‘म’ या सुरावर, स्थिरावते न स्थिरावते तोच मागे कुणीतरी वेफर्सची पिशवी उघडली आणि माझा कान गाण्यावरून उडाला. विलंबित एकतालाच्या मात्रा १२, पण अगदी संथ लयीत एक आवर्तन, म्हणजे तालाची एक फेरी, मिनिटभराचंही होतं. ते सगळं माझ्या हातून गेलं.

मन एकाग्र नाही म्हणून असं होतं, असं आपल्याला वाटतं. तसं नाही. गाज सतत असते आणि फार बदलत नाही. मेंदू तिचा अंदाज बांधतो आणि तिला मागे सारतो. अचानक, तुटक, अनियमित आवाजाचा अंदाजच बांधता येत नाही. पाचोळ्यात काही सळसळलं तर दचकणं हा आपल्या पूर्वजांसाठी जीव वाचवण्याचा प्रश्न होता. तो पहारेकरी मैफलीतही जागाच असतो. समेवर येणारी ‘वाहवा’ मात्र खुपत नाही, कारण सम, म्हणजे आवर्तनाची पहिली मात्रा, कधी येणार हे आपणही मोजत असतो. उलट शेजारचा माणूस चुकीच्या मात्रेवर मांडीवर थाप देऊ लागला की जीव नकोसा होतो.

पिशवीबद्दल एक गोष्ट सगळ्यांना कळायला हवी. प्लास्टिकच्या घड्या हळूहळू वाकत नाहीत, एका आकारातून दुसऱ्यात टचकन उडी मारतात. चुरचुर म्हणजे अशा सेकंदाच्या काही हजारांश भागात संपणाऱ्या टिचक्यांची माळ. अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ एरिक क्रेमर यांनी गोड गोळ्यांच्या वेष्टनांचे आवाज तपासले, तेव्हा वेष्टन सावकाश उघडल्याने टिचक्या मऊ होत नाहीत असं दिसलं. त्यांची माळ फक्त लांबते. म्हणून हळूच, चोरून पिशवी उघडणारा सज्जन श्रोता सगळ्यांचा छळ लांबवत असतो. उघडायचीच असेल तर टाळ्या चालू असताना एकदाच उघडावी. खोकला अडवता येत नाही, पण रुमाल धरला की तो बराच दबतो.

त्या रात्री फोनही होताच. “हां... खंय?... नाय रे, मी सांगलंलंय...” दोघं समोरासमोर बोलत असतील तर एक वेळ दुर्लक्ष करता येतं, पण एकाच बाजूचं बोलणं लक्ष जास्त खेचून घेतं, हे २०१० साली प्रयोगांतून दाखवलं गेलं आहे. अर्धं वाक्य ऐकलं की उरलेलं आपला मेंदू जुळवू पाहतो, आपल्याला नको असलं तरी.

मग ऐकणाऱ्याने करायचं काय? मला सर्वांत उपयोगी पडलेली गोष्ट दोन कानांच्या गणिताची आहे. आवाज बाजूने आला तर तो जवळच्या कानात आधी पोचतो. हा फरक फार तर सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी असतो, पण त्याच्या आधारेही मेंदू दोन आवाज वेगळे करतो. गायिका नेमकी समोर आणि कुजबुजणारे नेमके पाठीमागे असले, तर दोघांचे आवाज दोन्ही कानांत एकदमच पोचतात आणि ही सोय हातची जाते. मान थोडी डावीकडे वळवा. गाणं उजव्या कानाकडे सरकतं, कुजबुज डाव्या. कर्णे दोन्हीकडे लावलेले असतील तर फायदा कमी मिळतो, म्हणून शक्य असेल तिथे पुढे बसावं. मोकळ्या जागेत गाणाऱ्यापासूनचं अंतर निम्मं झालं की आवाज सुमारे ६ डेसिबलने वाढतो.

दुसरी गोष्ट मनाची. डेव्हिड ग्लास आणि जेरोम सिंगर या मानसशास्त्रज्ञांनी १९७०च्या सुमारास लोकांना अवेळी येणारे मोठे आवाज ऐकवले. काहींना एक बटण दिलं होतं: दाबलं की आवाज थांबेल, पण शक्यतो दाबू नका. त्यांनी ते दाबलं नाही, आणि तरीही नंतरच्या कामात त्यांच्या चुका कमी झाल्या, कोडी सोडवताना ते जास्त वेळ चिकाटीने बसले. सुटका आपल्या हातात आहे एवढं ठाऊक असणंच पुरलं. तेव्हापासून मी बैठकीच्या मधोमध अडकून बसत नाही, कड धरते. उठायची वेळ क्वचितच येते.

मध्यंतरानंतर मी पुढच्या खांबाशी जाऊन बसले, मान जराशी वळवून. मालकंस राग सुरू झाला. पिशवी पुन्हा वाजली, पण आता ती डावीकडे, दूर कुठेतरी होती, आणि गायिकेचा धैवत, तो ‘ध’चा सूर, उजवीकडे होता.