कमी कर्बोदकांचा साधा आहार (सातारा-सांगली परिसर)

भाकरी, भात, चपाती, साखर आणि गूळ बरेच घटवून पालेभाज्या, फळभाज्या, अंडी, मांस-मासे, दूधदुभते, शेंगदाणे व तेलबिया अशा घरच्या, फारशी प्रक्रिया न झालेल्या पदार्थांवर भर देणारी आहारपद्धती. तिची एकच सर्वमान्य व्याख्या नाही. दिवसाला १३० ग्रॅमपेक्षा कमी कर्बोदके, ही मर्यादा सामान्यतः धरली जाते. २० ते ५० ग्रॅमपर्यंत उतरणारा कीटोजेनिक आहार हा तिचा कडक प्रकार. तो १९२१ पासून अपस्मारावरील (फिट येण्यावरील) उपचारात वापरला जाऊ लागला. वजन उतरवण्यासाठी ही पद्धत त्याआधीच लोकांपर्यंत पोचली होती. लंडनच्या विल्यम बँटिंग यांनी १८६३ साली स्वतःच्या अनुभवावर पुस्तिका काढली आणि तिचा बराच बोलबाला झाला.

सातारा-सांगलीकडे ‘भाकरी खाल्ली का?’ म्हणजेच ‘जेवण झालं का?’ कोरड्यास (भाकरीबरोबरची भाजी-आमटी) कसलेही असो, पोट भरते ते भाकरीने. मध्यम भाकरीला साधारण ६० ते ७० ग्रॅम पीठ लागते आणि त्यातून ४० ते ५० ग्रॅम कर्बोदके मिळतात. म्हणजे तीन भाकरींतच दिवसाचा वाटा जवळजवळ संपला. चपाती सोडून ज्वारी धरली की आहार बदलला, असा समज सर्रास आढळतो, पण त्यात तथ्य थोडे. ज्वारी, बाजरी किंवा कृष्णाकाठचा खपली गहू यांत तंतू व इतर गुण असतील, तरी पिष्ट (स्टार्च, म्हणजे कर्बोदकेच) भरपूरच असते. पीठ बदलण्यापेक्षा ताटातली जागा बदलावी लागते: कोरड्यास पोटभर आणि भाकरी तोंडी लावायला.

एवढे मान्य केले, तर लागणारे बाकीचे सारे बाजारात मिळते. मेथी, चाकवत, तांदुळजा, आंबाडी, करडईची भाजी. वांगी, दोडका, गवार. शेंगदाण्याची, जवसाची, कारळ्याची चटणी. दही, ताक, अंडी, मटण. माण, खटाव, जत, आटपाडी या दुष्काळी पट्ट्यात शेळ्या-मेंढ्या पूर्वापार आहेतच. १०० ग्रॅम शेंगदाण्यात सुमारे २५ ग्रॅम प्रथिने आणि १६ ग्रॅम कर्बोदके असतात. कोरेगावच्या वाघ्या घेवड्याचे किंवा अख्ख्या मसुराचे गणित निराळे. त्यांत प्रथिने व तंतू चांगले, पण कर्बोदकेही बरीच. वाटीभर उसळ चालते, तिच्याबरोबर भात नको. फळांतही असाच भेद आहे. महाबळेश्वरच्या १०० ग्रॅम स्ट्रॉबेरीत जेमतेम ८ ग्रॅम कर्बोदके, तर तासगावच्या तेवढ्याच बेदाण्यांत ७५ ग्रॅमच्या वर.

साखर सोडून गूळ घेणाऱ्यांचीही फसगत होते. उसाच्या आणि गुळाच्या या मुलखात हे बोलणे रुचत नाही, पण गुळाचा बहुतांश भाग साखरच असतो. सांगलीचे भडंग आणि साताऱ्याचे कंदी पेढे या आहारात बसत नाहीत. उपवासाचा साबुदाणा तर जवळपास निव्वळ पिष्ट.

दक्षिण सांगलीतील जैन शेतकरी कुटुंबांत कंदमुळे वर्ज्य असल्याने बटाटा, रताळे आधीच बाद होतात. मात्र अंडी-मांसही नसल्याने सारा भार दही, पनीर, शेंगदाणे आणि डाळींवर येतो. माळकरी घरांचीही अडचण तीच. शिवाय खर्चाचा प्रश्न उरतो. भाकरी स्वस्तात भूक भागवते, पनीर आणि मटण नव्हे. दिवसभर ऊसतोडणी करणाऱ्याला आणि दुकानात बसणाऱ्याला एकच मोजमाप लावण्यातही अर्थ नाही.

पिष्ट कमी झाल्याने जेवणानंतरची रक्तातील साखर कमी चढते, म्हणून टाइप २ मधुमेहात या पद्धतीचा विचार होतो. वजन पहिल्या आठवड्यात झपाट्याने उतरते, पण त्यातले बरेचसे पाणी असते. सुरुवातीला डोकेदुखी, थकवा, बद्धकोष्ठता जाणवू शकते. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या चालू असताना भाकरी एकदम तोडल्यास साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली येऊ शकते. औषधाची मात्रा डॉक्टरांकडून आधी ठरवून घ्यावी लागते. गर्भवती, स्तनदा माता आणि मूत्रपिंडाचे रुग्ण यांनी हा प्रयोग स्वतःच्या मनाने करू नये.