वालीचा प्रश्न आणि तमिळ परंपरा

रामाने वालीला आडून बाण का मारला, हा प्रश्न वाल्मीकींच्या रामायणातच आहे. पण १२व्या शतकाच्या सुमारास कंबन या तमिळ कवीने त्याला दिलेली धार विलक्षण आहे. त्याचा वाली छातीत घुसलेला बाण हातांनी धरतो, त्यावरचे रामाचे नाव वाचतो आणि समोर आलेल्या रामाला जाब विचारतो. भावाची बायको बळकावलीस, असे राम म्हणतो. आम्ही वानर, तुमचे लग्नाचे नियम आम्हांला कुठले, हे वालीचे उत्तर. त्यावर राम बजावतो की ज्याला धर्म-अधर्म कळतो, तो देहाने वानर असला तरी पशू नव्हे. मग वाली विचारतो, लपून का मारलेस? इथे कंबनाचा राम गप्प राहतो. उत्तर देतो लक्ष्मण: तू समोर येऊन शरण आला असतास, तर सुग्रीवाला दिलेल्या शब्दाचे काय झाले असते? वाली ते मान्य करतो आणि अंगदाला रामाच्या हाती सोपवतो. रामाला साक्षात परमेश्वर मानणाऱ्या कवीने हे मौन लिहिले, हे मला फार मोलाचे वाटते.

विसाव्या शतकात हा जाब काव्याबाहेर आला. तमिळ समाजसुधारक पेरियार आणि त्यांच्या द्रविड चळवळीने रामकथेलाच आर्य वर्चस्वाची कथा ठरवले. कंबरामायण जाळावे की नाही यावर १९४३ मध्ये याच चळवळीतले नेते अण्णादुराई यांनी मद्रासला रा. पि. सेतुपिळ्ळै आणि सेलमला सोमसुंदर भारती या विद्वानांशी जाहीर वाद घातला.

त्याच वर्षी तमिळ कथाकार पुदुमैपित्तन यांची एक कथा आली. तिच्यात शापमुक्त अहल्या सीतेकडून अग्निपरीक्षेची हकिगत ऐकते. आपल्याला उद्धरणाऱ्या रामानेच ती मागितली, हे तिला सोसवत नाही आणि ती पुन्हा शिळा होते. त्या दशकात सर्वांत खोल घाव याच कथेने घातला, असे माझे मत आहे. भाविक राजाजींनासुद्धा (चक्रवर्ती राजगोपालाचारी) सीतात्याग पटला नाही. त्यांनी आपले रामायण राज्याभिषेकापाशी थांबवले.

हीच वादाची रीत भक्तांच्या मेळ्यातही रुजली. सा. गणेशन यांनी १९३९ मध्ये तमिळनाडूतल्या कारैक्कुडीत कंबन कळगम, म्हणजे कंबनाच्या काव्याला वाहिलेले मंडळ, स्थापन केले. तिथल्या उत्सवांतून 'पट्टिमन्ऱम' हा जाहीर वादसभेचा प्रकार लोकप्रिय झाला. दोन पक्ष, मध्ये निवाडा करणारा पंच, समोर गच्च भरलेला मंडप, आणि विषय असा: भावासाठी मरणारा कुंभकर्ण थोर की भावाला सोडून धर्माकडे जाणारा बिभीषण?